आलास

मांजरसुंब्याच्या पुढं पठारावर
पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्या साली
स्पेनहून तिघं आले होते बोल्ट आवळायला.
जाताना एकानं हे पुस्तक माझ्या झेरॉक्सच्या दुकानात सोडलं.
पासपोर्टच्या सात प्रती नेल्या, पैसे दिले,
पुस्तक मात्र काउंटरवरच राहिलं.

एलादिओ बारेन्कस. धंदा औषधविक्रीचा.
गाव असं की पूल आहे, नदी नाही.
एवढं मला शब्दकोश न उघडता कळलं.
दिवसा गोळ्या मोजायचा, रात्री ओळी.
शेवटच्या पानावर फोटो: टक्कल, जाड भिंगं,
आणि खांद्यावर कुणाचा तरी हात.
मनगटापाशी फोटो कातरलाय.
घड्याळ राहिलंय. अकरा वीस.
माणूस राहिला नाही.

सातबारा, जातीचे दाखले, लग्नाच्या पत्रिका
यांच्यातल्या फटीत बसून
मी त्याला मराठीत आणायलोय, तीन वर्षं झाली.
लाइट गेली की बरं. गिऱ्हाईक परत जातं.

घोडं अडलं एकोणीसाव्या पानावर.
पहाटे तू आल—
भाकर मोडलीस,
न बोलता गेल—

भाकरीपाशी सुटलो. ती स्त्रीलिंगी,
सगळं तिच्यावर ढकललं.
पण येण्याजाण्याचं काय?

त्याच्या भाषेत या क्रियापदांना लिंगच नाही.
कोण आलं ते कळत नाही, येणं तेवढं कळतं.
पस्तीस वर्षं सरकारी माणसं त्याची पानं तपासायची
आणि शिक्का मारायची: हरकत नाही.
बाई असेल, त्यांना वाटलं.
त्यानं विशेषणं टाळली. तिकडं विशेषणं चुगलखोर असतात.
नुसत्या क्रियापदांवर संसार केला त्यानं,
भांडणासकट, आजारपणासकट,
एका माणसाच्या मयतीला
गर्दीत मागं उभं राहण्यासकट.

आणि माझी मराठी!
हिला असलं चालत नाही.
आलास की आलीस, सांगितल्याबिगर
उंबऱ्याच्या आत घेत नाही कुणाला.

मी पळवाटा शोधल्या.
'तुझे येणे झाले' लिहिलं, तहसीलची नोटीस वाटली.
'आपण आलात' लिहिलं, सत्यनारायणाचं आवतण झालं.

मुनाफ यायचा तेव्हा. कंपनीची जीप चालवायचा.
डिझेलचा वास, खिशात दोन सीताफळं,
एक पिकलेलं, एक उद्यासाठी.
काय लिहायलास रे?
कविता.
कुणाची?
एका औषधवाल्याची.
हसायचा. स्क्रीनवर वाकून बघायचा,
आणि वाकताना
खांद्यावर हात ठेवायचा.
मी टायपिंग थांबवायचो नाही.
काय टाइप होत होतं, देवाला ठाऊक.

आता गेवराईला असतो. स्वतःचा टेम्पो आहे, दोन पोरी.
ईदला फोन येतो.
बायकोही बोलते, भाऊजी म्हणते,
शिरखुर्म्याला या म्हणते.
जायचं राहूनच जातं.

परवा संभाजीनगरहून प्रूफं आली.
मी जागा कोरी सोडली होती,
प्रकाशकानं भरून टाकली:
पहाटे तू आलीस, न बोलता गेलीस.
फोनवर म्हणाले, वाचकाला सोपं जाईल हो.
औषधवाला आता हयात नाही, तो कशाला तक्रार करतोय?

खरंय. तो नाहीच करणार.
त्यानं चोरून ठेवलेलं मी का उघडं करावं,
हाही सवाल आहेच, दोन रात्री झोप नव्हती.
मग वाटलं, त्यानं चोरलं ते शिक्केवाल्यांपासून.
फोटोतलं घड्याळ कातरलं नाही त्यानं.
कातरता आलं असतं.

व्हाइटनरची बाटली हलवली.
ल-वरची वेलांटी पुसली, दोन्हीकडची.
खाली काना तसाच राहिला,
माळावरच्या खांबागत, पाती नसलेला.
फुंकर मारून वाळवला.

पहाटे तू आलास, भाकर मोडलीस,
न बोलता गेलास.

एक पोरगं आलं आधार कार्ड घेऊन,
त्याला दोन्ही बाजू काढून दिल्या.
मग विसावं पान उघडलं.
तिथं एवढंच आहे: थंडी होती.
हे सोपं आहे.